शनिवारची चौथी जागा

शनिवार, १ जून

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त होताना डेपोतून कोऱ्या नोंदवह्यांचा एक गठ्ठा घरी आणला होता. रोज बस काढण्याआधी त्यात लिहायचं असे: टायर, ब्रेक, दिवे, शेरा. आज त्यातली एक उघडली आहे, कारण डोकं इतकं तापलंय की कुठेतरी ओकून टाकलं नाही तर मी ताटं फोडीन.

तुरो आला होता. माझा दीर. नाचोला जाऊन आज अकरा आठवडे झाले, आणि हा त्याचा सख्खा भाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून तीन बुरितो खाऊन झाल्यावर म्हणतो, "वहिनी, कोपऱ्यातली ती गोल्फची पिशवी नुसती धूळ खातेय. शनिवारच्या चौकडीत नाचोची जागा भरायला हवी. आमच्यातल्या वेंडेलच्या ओळखीचा मिनेसोटाचा एक माणूस आहे, थंडीत इकडे येतो. त्याला देऊन टाकू का?"

मी म्हणाले, "जागा माझी आहे."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तीस वर्षं मैदानाच्या पार्किंगपर्यंत गेले, नाचोच्या हातात डबा दिला आणि परत आले. चल म्हटलं की तो म्हणायचा, "ऊन फार असतं, चेलो. कंटाळशील."

तुरो हसला. "तुझी? चौकडीचा नियम आहे वहिनी. अठरा होल शंभर फटक्यांच्या आत. त्याशिवाय कुणाला घेत नाही आम्ही."

"कधीपर्यंत?"

"सात ऑक्टोबरला थंडीचं गवत पेरायला मैदान बंद होतं. त्याआधी. पण तू कशाला? गेल्या अकरा आठवड्यांत तू फाटकाबाहेर तरी पडलीस का?"

त्याला दाराबाहेर काढलं. पिशवी घरातच आहे.

टायर: गुडघे कुरकुरतात. ब्रेक: नाहीत. शेरा: दीर गाढव आहे.

मंगळवार, ४ जून

पहाटे पाचला मैदानावर गेले. उन्हाळ्यात इथे दहा वाजले की पाल सुद्धा बाहेर पडत नाही, म्हणून सगळं पहाटेच. आमचं मैदान गावाचं आहे. खाणीतल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी दगड वेचून केलेलं. टेकडीपलीकडच्या रिसॉर्टमध्ये एका फेरीला मोजतात तेवढ्यात इथे अख्खा उन्हाळा खेळता येतं, आणि बनियनवर आलात तरी कुणी हाकलत नाही. गवताच्या पट्ट्या तेवढ्या हिरव्या, तेही या दिवसांत निम्म्या पिवळ्या. बाकी सगळं दगड, काटे आणि खांबासारखे उभे सग्वारो निवडुंग.

काउंटरवर पर्ल गी बसते. चौऱ्याहत्तर वर्षांची. ती शाळेत व्यायाम शिकवायची तेव्हा तिची निम्मी मुलं माझ्या बसमध्ये असत. अजूनही सगळं गाव तिला टरकून असतं. मी म्हटलं, शंभराच्या आत खेळायचंय, ऑक्टोबरपर्यंत.

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग कुलूप लावून बाहेरच आली.

"बस चालवताना स्टिअरिंग असं आवळायचीस?"

"नाही."

"मग या बिचाऱ्या काठीचा गळा का दाबतेयस? सोड. अजून सोड. हं."

साठ वेळा काठी फिरवली. चेंडूला अकरा वेळा लागली. त्यातला एक उडून मागे गेला. तो कसा गेला ते पर्ललाही सांगता आलं नाही.

पार्किंगमध्ये तुरोची गाडी उभी होती. काच खाली, हातात कॉफी. माझी फजिती बघायला पहाटे पाचला उठून आला! असा वेळ आहे लोकांकडे.

बुधवार, १९ जून

रोज जाते. तुरोही रोज असतो. बोलत नाही, नुसता कॉफी पितो. एकतीस वर्षं आरशातून मागच्यांवर लक्ष ठेवलंय मी, तो काय करतोय ते मला न बघता कळतं.

आज चेंडू शोधायला काट्यात घुसले आणि चोया पायाला डसला. या निवडुंगाला नुसता वास आला तरी तो अंगावर उडी मारतो. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात चक्क एक नवा लोखंडी कंगवा सापडला, काटे ओढून काढायला हवा तस्सा. काल तर नव्हता. पर्लने ठेवला असणार. विचारलं तर म्हणाली, "मी? मला दुसरी कामं नाहीत?" स्वभावच तसा आहे तिचा.

घरी येऊन मोज्यांतली कुसळं काढत बसले. नाचोचे मोजे तीस वर्षं असेच असायचे. विचारलं की म्हणायचा, पार्किंगच्या कडेला फार काटे आहेत. स्वतःचा चेंडू मात्र कधी गवताबाहेर गेला नाही म्हणे. "सोळाव्याला तर मी डोळे मिटून मधोमध मारतो," असं नाताळच्या जेवणात सगळ्यांना सांगायचा. नगरपालिकेने ते पार्किंग एकदा साफ करायला हवं.

रविवार, ७ जुलै

पहिल्यांदा सगळे अठरा होल खेळले. पर्ल सोबत होती. एकशे एक्केचाळीस.

चौदाव्यावर एका दगडाआडून सापाच्या शेपटीचा खुळखुळा वाजला. मी जागच्या जागी थिजले. साप बघून पर्ल शांतपणे म्हणाली, "चेंडू त्याचा. तू दुसरा टाक." एक दंडाचा फटका लिहिला आणि पुढे निघाली. इथला नियमच आहे तसा: चेंडू वाळवंटात गेला की एक फटका दंड घ्यायचा आणि गवताच्या कडेला दुसरा टाकून खेळायचं. नाहीतर आत जाऊन आहे तिथून मारायचा, दंड नाही, पण मग जे होईल ते आपलं आपण बघायचं. त्यासाठी पिशवीत एक जुनी, खरवडलेली काठी असते. नाचोच्या पिशवीतली तर पार सोलवटून निघालीय. गवताबाहेर न जाणाऱ्या माणसाच्या काठीला एवढे ओरखडे कसे, असं मनात आलं. कुणाकडून तरी जुनीच घेतली असेल.

घरी येऊन आंघोळ न करता पलंगावर पडले आणि रडले. बेचाळीस फटके कुठून कमी करू? आणि कशासाठी करतेय? त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर बघवणार नाही म्हणून. एवढंच. एवढंच आहे खरं.

टायर: पंक्चर.

मंगळवार, २३ जुलै

एकशे तेवीस.

पर्लने आज कान उपटले. पिशवीतल्या सगळ्या चेंडूंवर हिरवा ठिपका आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लावला तोच हिरवा रंग. उरलेला डबा नाचोने बारा वर्षं ठिपके देत पुरवला. पर्ल म्हणाली, "ही त्याची खूण झाली. तुझी कुठाय? वाळवंटात हजार चेंडू पडलेत. उद्या दुसऱ्याचा मारशील, दोन फटके दंड बसेल, आणि माझ्याकडे येऊन रडशील. स्वतःची खूण कर. आणि मारण्याआधी बघत जा!"

संध्याकाळी टेबलावर चेंडू मांडले आणि प्रत्येक हिरव्या ठिपक्याशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. छान दिसत होते दोघं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. एकशे अठरा, एकशे बारा, एकशे नऊ, आणि आज पुन्हा एकशे सोळा. भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचते आणि मग तीन हातांवरून तीन-तीन वेळा ढकलते. भोक म्हणजे छोटीशी पालथी टोपली असल्यासारखा चेंडू काठावरून घरंगळतो. पुरे झालं. अडुसष्ट वर्षांच्या बाईने घरी बसून टीव्ही बघावा.

हे वाक्य लिहीत होते तोवर तुरो आला. भोपळा घेऊन. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "सोडलंस ना? मला वाटलंच होतं. बरं झालं, त्या मिनेसोटावाल्याने नवे बूट घेतलेत. पिशवी शनिवारी नेऊ?"

"हात लावून बघ पिशवीला!"

"तसं नाही वहिनी, तीन हातांवरून तीन ढकलतेस ना, म्हणून म्हटलं. मान वर करतेस तू, चेंडू कुठे गेला ते बघायला. आरशात बघायची सवय गेली नाही तुझी. तो मिनेसोटावाला कधी मान उचलत नाही. भोकात पडल्याचा आवाज ऐकतो नुसता."

त्याला भोपळ्यासकट हाकललं. मग गालिच्यावर पाण्याचा पेला आडवा ठेवून दीडशे वेळा त्यात चेंडू ढकलला, मान खाली घालून. आवाज ऐकायचा. मेल्या मिनेसोटावाल्याला जमतं तर मला का नाही?

शनिवार, १४ सप्टेंबर

एकशे तीन!!

पर्लने काउंटरवरून मला बर्फाचा गोळा दिला, चिंचेचा. तिने आजवर कुणाला काही दिलेलं गावाला आठवत नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

उद्या. तुरोने ठरवलंय. तो, डेल्बर्ट आणि वेंडेल, तिघंही असणार, आणि माझे फटके तुरो लिहिणार. डेल्बर्ट अँटोन खाणीत नाचोच्याच पाळीवर होता. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन कुत्र्याशी. वेंडेल औषधवाला, आता निवृत्त. खिशात नियमांचं पुस्तक घेऊन फिरतो आणि मला अजून मिसेस ब्राकामोन्ते म्हणतो.

उद्या जमलं नाही तर शनिवारची सकाळ कायमची गेली. मग माझ्याकडे शनिवारी काय उरेल? त्याचे बूट आणि चार भिंती. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू?

टायर: ठीक. ब्रेक: ठीक. दिवे: चालू.

शनिवार, २८ सप्टेंबर

आजचं आजच लिहिणार. सगळं, पहिल्यापासून.

साडेपाचला सुरुवात. पहिल्या होलवर मी मारला. चेंडू शंभरेक यार्ड गेला, सरळ. डेल्बर्ट म्हणाला, "बरा." हा त्याच्या दिवसाच्या चारातला एक शब्द. मी सुखावले.

नऊ होलांनंतर अठ्ठेचाळीस. तुरो कार्ड छातीशी धरून लिहीत होता, मला दाखवत नव्हता, पण मी बसमधली बेचाळीस डोकी एका नजरेत मोजलीयत. पंधरा झाले तेव्हा एक्याऐंशी होते. तीन होल राहिले, हाताशी अठरा फटके. वेंडेल रुमालाने कपाळ पुसत म्हणाला, "मिसेस ब्राकामोन्ते, तुम्ही आम्हाला घाम फोडलात."

मग सोळावा. नाचोचा, डोळे मिटून मधोमध मारायचा तो. उजवीकडे कोरडा नाला आहे, कडेने हद्दीच्या लाल खुंट्या, पलीकडे नुसतं वाळवंट. मी मारला आणि चेंडू उजवीकडे वळत, वळत, खुंट्यांच्या पार आत गेला.

वेंडेलने डोळ्यांवर हात धरून तो कुठे पडला ते पाहिलं.

गेले आत, सोलवटलेली काठी घेऊन. चाळीसेक पावलांवर एका झुडपाखाली हिरवा ठिपका दिसला. जागा मोकळी, समोर फट, फटीतून हिरवळ. माझा हर्ष मावेना. पर्लचं सगळं विसरले. मारला. आवाजच असा आला की अंगावर काटा आला. चेंडू फटीतून गेला, एकदा टप्पा घेतला आणि झेंड्यापासून तीन पावलांवर थांबला. तुरोने टोपी हवेत फेकली. डेल्बर्ट ओरडला. डेल्बर्ट! वेंडेलने टाळ्या वाजवल्या. मी नाल्यातून अशी चालत आले की राणीनेही चालू नये.

हिरवळीवर चेंडू उचलला, पुसायला. त्याचा रंग सायीसारखा पिवळट झाला होता. उन्हाने बारीक भेगा पडल्या होत्या. हिरवा ठिपका होता. उलटा केला, पालटा केला. लाल नव्हता.

कुणाला दिसलं नव्हतं. तुरो तर कार्डावर दोन लिहूनही मोकळा झाला होता. दोन फटक्यांत हिरवळीवर, आणखी दोनांत भोकात, म्हणजे पंच्याऐंशी, आणि पुढचे दोन होल रमतगमत. चेंडू मुठीत झाकून धरला असता तर संपलं होतं. मी धरलाही. एक श्वासभर. तेही लिहून ठेवते.

मग म्हणाले, "हा माझा नाही."

तुरो पुढे आला. "हिरवा ठिपका आहे की! तुझाच. चल, खेळ."

"हिरवा आहे. लाल कुठाय?"

त्याने चेंडू हातात घेतला. अंगठ्याने ठिपका पुसून बघितला. मग मला परत दिला आणि जाऊन एका सग्वारोसमोर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. वारा अजिबात नव्हता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखलखलं. लाल खुंट्यांच्या चाळीस पावलं आत! डोळे मिटून मधोमध! तीस वर्षांचे मोजे, ती कुसळं, ती सोलवटलेली काठी, पार्किंगच्या कडेचे काटे! आणि मी महामूर्ख, नगरपालिकेला पत्र लिहायला निघाले होते. मला हसू फुटलं. हिरवळीच्या मधोमध उभी राहून मी इतकी हसले की वेंडेलला वाटलं ऊन लागलं.

"खोटारडा!" मी चेंडूला म्हणाले. "आयुष्यभराचा खोटारडा!"

वेंडेलने हळूच पुस्तक काढलं. "दुसऱ्याचा चेंडू मारल्याचे दोन फटके, मिसेस ब्राकामोन्ते. तो फटका मोजायचा नाही, पण मागे जावं लागेल. तुमचा चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही, तर गवतावर दुसरा टाकायचा, त्याचा आणखी एक. मला वाईट वाटतं."

"वाईट कशाला वाटून घेता? नियम आहे."

माझा सापडला नाही. दंड लावून, दुसरा टाकून, तो होल सातात संपवला. अठ्ठ्याऐंशी. आता दोन होलांत अकराच.

सतराव्यावर पाच. तिथे चारही झाले असते, पण मान वर केली. त्र्याण्णव. अठरावा सगळ्यात लांब होल, आणि मला तो सहात संपवायचा होता. या चार महिन्यांत मी तिथे सहा कधीच केले नव्हते.

पहिला सरळ. दुसरा सरळ. तिसरा हिरवळीच्या अलीकडे, कोरड्या गवतात. पर्ल काउंटर सोडून बाहेर येऊन उभी होती. चौथा हिरवळीवर चढला, पण भोकापासून दूर. पाचवा ढकलला, थांबला दोन हातांवर. दोन हात! गालिच्यावर मी तो हजार वेळा ढकललाय. पण गालिच्यावर नाचोची जागा पणाला नव्हती.

मान खाली घातली. खालच्या गवताचं एकेक पातं दिसत होतं. ढकलला. बघितलं नाही. जगात काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं.

टक्.

मान वर केली तेव्हा तुरो मला उचलत होता. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे गेलेल्या वहिनीला! पर्ल रडत होती आणि तिला वाटत होतं ते कुणाला कळत नाही. वेंडेलने हात पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन, चेलो." डेल्बर्टने दिवसाचे उरलेले सगळे शब्द वापरले. म्हणाला, "नव्व्याण्णव! मी तर अजून एकशे सातच्या खाली आलो नाही बुवा."

तुरोने त्याला कोपराने डिवचलं, बहुतेक आनंदाने. आता विचार करतेय, एकशे सातवाला डेल्बर्ट चौकडीत आला कसा? तरुणपणी एखादा चांगला दिवस लागला असेल.

नव्व्याण्णव. नव्व्याण्णव. एकदा आणखी लिहिते. नव्व्याण्णव.

शनिवार, ५ ऑक्टोबर

टायर: ठीक. ब्रेक: ठीक. दिवे: ठीक.

मैदान परवा बंद होणार, म्हणून आज मुद्दाम गर्दी होती. मी चौघांचे बुरितो केले, कोरड्या मांसाचे, हिरवी मिरची घालून. या वेळी डबा पार्किंगमध्ये कुणाच्या हातात दिला नाही. स्वतः आत नेला.

वाट बघत होतो तेव्हा वेंडेलला म्हटलं, "तुमच्या त्या मिनेसोटावाल्याला वाईट वाटलं असेल हो. नवे बूटही घेतले होते बिचाऱ्याने." वेंडेल म्हणाला, "कोण मिनेसोटावाला? माझं मिनेसोटात कुणी नाही." बिचारा शहात्तरचा आहे. आता विसरायला लागला. तुरोला हळूच सांगितलं, वेंडेलकडे जरा लक्ष ठेव. तो खोकत खोकत पाणी प्यायला गेला. त्यालाही थंडी बाधायला लागलीय, आणि पहाटे पाचला गाडीची काच उघडी टाकून बसला की हेच होणार. उद्यापासून कॉफी माझ्याकडे पी म्हटलं. नाहीतरी त्या वेळी मी जागीच असते. लगेच हो म्हणाला.

मग वेंडेलने टोपी काढली आणि म्हणाला, "पहिला फटका नव्या माणसाचा."

मी खिशातून तो पिवळट चेंडू काढला. भेगाळलेला, एक हिरवा ठिपका. लाल मी मुद्दाम दिला नाही. तुरो म्हणाला, "वहिनी, तो म्हातारा झालाय, पन्नास यार्डही जायचा नाही."

"जाईल."

चेंडू ठेवला. काठीचा गळा दाबला नाही. मान खाली. मारला, आणि या खेपेला मान वर केली, कारण हा मला बघायचाच होता. खाणीच्या ढिगाऱ्यावरून ऊन नुकतं खाली उतरत होतं. चेंडू त्यात गेला, ना डावीकडे ना उजवीकडे, आणि पट्टीच्या मधोमध जाऊन पडला. कितीतरी वर्षांनी तो जिथे जायला हवा होता तिथे पोचला होता.

"बघ नाचो," मी मोठ्याने म्हणाले, लाजले नाही, "असा मारतात मधोमध."

मग पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागले. मागून तिघं आले.